गुणी माणूस मंडळी सोडतो तेव्हा

नाटक मंडळी असो, चित्रपटाची कंपनी असो, सर्कस असो की कुस्त्यांचे जंगी फड भरविणारा ठेकेदार असो, लोकरंजनावर जिचा चरितार्थ चालतो अशा प्रत्येक संस्थेच्या आयुष्यात एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात तो माणूस आता जाणार, अशी कुणकुण लागते. अजून तो गेलेला नसतो. राजीनामा दिलेला नसतो. कदाचित त्याचे मनही पुरते ठरलेले नसते. पण बिऱ्हाडात कुजबुज सुरू होते, बाहेर बातमी फुटते, आणि चालकांची झोप उडते. या थोड्या दिवसांत चालक जसे वागतात त्यावर संस्थेची पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. हा प्रसंग नीट कसा हाताळावा आणि बहुधा तो का बिघडतो, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे. पुणेकरांना त्यासाठी दूर जावयास नको. या विषयातले ठळक दाखले आपल्याच मातीतले आहेत.

प्रथम मंडळी म्हणजे काय हे ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी नाटक मंडळी हे एक फिरते कुटुंबच होते. पोरवयात मुलगा मंडळीत येई. त्याचे जेवणखाण, कपडालत्ता, औषधपाणी मंडळी पाही. तालीम मास्तर त्याच्याकडून नक्कल पाठ करून घेत, गवई त्याचा गळा तयार करीत. पाच-सात वर्षे असा खर्च झाल्यावर त्यातून एखादा हिरा निघे. बाकीचे भालदार-चोपदाराच्या कामात आयुष्य काढीत. या कुटुंबात एक रेघ मात्र स्पष्ट असे. रेघेच्या अलीकडे मालक आणि भागीदार. नफा त्यांचा, तोटाही त्यांचा. पलीकडे पगारी नट. पगार ठरलेला, मग नाट्यगृह भरो की ओस पडो.

सगळ्या तंट्यांचे मूळ या रेघेत आहे. नट लहान असतो तेव्हा त्याचा पगार त्याच्या कामाहून अधिक असतो, कारण मंडळी त्याला शिकवीत असते. तो मोठा झाला, की त्याचे काम पगाराहून कितीतरी पुढे जाते. पण पगार कालच्या मोलावर ठरलेला आणि गर्दी आजच्या मोलावर जमणारी. मालक म्हणतो, याला आम्ही घडविला. नट म्हणतो, लोक मला पाहावयास येतात. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि म्हणूनच भांडण अवघड असते. जिथे एक पक्ष उघड खोटा असतो तिथे निवाडा सोपा. इथे दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालावयाचा असतो.

आता किर्लोस्कर मंडळीचा इतिहास पाहू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये अण्णासाहेब वारले. नाटककार, दिग्दर्शक आणि मालक एकाच वेळी गेला, तरी मंडळी मोडली नाही. भाऊराव कोल्हटकरांसारखा गाता नट तिच्यापाशी होता, आणि गोविंद बल्लाळ देवलांची लेखणी होती. ‘मृच्छकटिक’ आणि ‘शारदा’ ही नाटके अण्णासाहेबांच्या मागची आहेत. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. दिवस कठीण आले, पण मंडळी टिकली. १९०५ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेत मंडळीत दाखल झाला. तेच बालगंधर्व. पुण्यात स्वतःचे नाट्यगृह बांधण्याइतकी मंडळी पुन्हा भरभराटीला आली.

म्हणजे मृत्यूचे दोन मोठे घाव मंडळीने सोसले. तिला न सोसवलेला घाव निराळाच होता.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. नाटकाला चाली गोविंदराव टेंब्यांच्या. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर गणपतराव बोडस. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा अशी कोणाचीही भावना झाली असती; पण बालगंधर्व रंगभूमीवर उभे राहिले आणि त्यांनी भामिनी पार पाडली. ही गोष्ट कलानिष्ठेचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक अर्थ आहे. पोटच्या पोरीचे दुःख गिळून ज्याने मंडळीचा प्रयोग वाचविला, तोच माणूस सव्वादोन वर्षांनी मंडळी सोडून गेला. असा माणूस उथळपणाने जात नाही. त्याच्या जाण्याची चाहूल लागली तेव्हा, याला काय कमी पडले असे नुसते विचारून भागणार नव्हते. आपल्या व्यवस्थेत काय कमी आहे असे विचारावयास हवे होते.

त्याच वर्षी, १९११ मध्ये, नानासाहेब जोगळेकर वारले. ते मंडळीचे चालकही होते आणि रंगभूमीवरचे प्रमुख नटही. सकाळी हिशेबाच्या वहीशी बसणारा माणूस रात्री आपल्याबरोबर तोंडाला रंग लावतो, हे पाहिले की पगारी नटाच्या मनातली अढी बरीचशी विरघळते. नानासाहेबांच्या मागे कारभाराची सूत्रे मुख्यतः शंकरराव मुजुमदारांकडे आली. शंकरराव विद्वान गृहस्थ होते. अण्णासाहेबांचे चरित्र त्यांनीच लिहिले. मंडळीवर त्यांचे प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांचे आणि प्रमुख नटांचे मतभेद झाले आणि ते मिटले नाहीत. मे १९१३ मध्ये खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आले. नवे नाटक, भरलेली नाट्यगृहे, बाहेरून पाहणाऱ्याला सर्व आलबेल. जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली.

इथे थोडे थांबून हिशेब केला पाहिजे. वस्तुतः किर्लोस्कर मंडळीतून एक नट गेला नाही. नायिका गेली, विनोदी कामाचा खंदा नट गेला, आणि चाली देणारा संगीतकार गेला. थोड्याच काळात खाडिलकरांची लेखणीही तिकडे वळली. १९१६ चे ‘स्वयंवर’ आणि १९२० चे ‘द्रौपदी’ ही नाटके गंधर्व मंडळीची आहेत. मृत्यू माणसाला एकट्याला नेतो. रागावून गेलेला माणूस आपल्याबरोबर सोबती नेतो, लेखक नेतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रेक्षक नेतो. मेलेल्या नटाविषयी लोक हळहळतात आणि त्याच्या मंडळीला सांभाळून घेतात. दुखावलेल्या नटाच्या मागे ते उठून चालू लागतात. अण्णासाहेब आणि भाऊराव यांच्या मागे टिकलेली मंडळी १९१३ नंतर का खचली, याचे उत्तर हे आहे.

पण दैवाने तिला आणखी एक संधी दिली. १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर हा चौदा वर्षांचा, विलक्षण गळ्याचा मुलगा मंडळीत आला. चिंतामणराव कोल्हटकरांसारखा कसदार नटही होता. मंडळी पुन्हा सावरू लागली. मात्र रेघ होती तिथेच राहिली. १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि त्यांनी बळवंत संगीत नाटक मंडळी काढली. पाच वर्षांत तोच प्रसंग, त्याच प्रकारे. एकदा घडले तर त्याला दुर्दैव म्हणता येईल. दुसऱ्यांदा घडले की दोष व्यवस्थेकडे पाहूनच शोधला पाहिजे. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ पुढे बळवंत मंडळीने गाजविले. किर्लोस्कर मंडळी त्यानंतरही काही काळ चालली, पण पहिल्या पंक्तीत ती पुन्हा बसली नाही.

आता कोणी म्हणेल, हा सारा मालकांवरच ठपका झाला; जाणाऱ्यांचे तरी पुढे काय झाले? प्रश्न रास्त आहे. गंधर्व मंडळी तीन भागीदारांनी काढली. त्यांपैकी टेंबे लवकरच वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही निघाले. जे तिघे पगारी नटांचे गाऱ्हाणे घेऊन बाहेर पडले, त्यांनाही एकत्र राहण्याची युक्ती साधली नाही. मालकीचा सगळा भार बालगंधर्वांवर आला. उंची वस्त्रे, अत्तरे, नामांकित साथीदार, पंक्तीला शेकडो पाने. या वैभवाखाली कर्ज साचत गेले, आणि कलावंताचे अर्धे आयुष्य ते फेडण्यात गेले. म्हणून कलावंताने मंडळी सोडली की तो सुटला, असे समजण्याचे कारण नाही. गाणे हा एक गुण आहे आणि वही लिहिणे हा दुसरा. ज्या मंडळीत हे दोन्ही गुण एका छपराखाली सुखाने नांदतात ती भाग्यवान. फुटीत दोघेही अर्धे अर्धे होतात. एकाकडे वही उरते, दुसऱ्याकडे गळा.

चित्रपटांच्या काळात व्यवस्था बदलली, लेखी करार आले, तरी प्रसंग तोच राहिला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. तिची कीर्ती मी सांगावयास नको. १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेले लग्न न मानणारी तरुणी शांता आपटे यांनी उभी केली आणि देशभर नाव मिळविले. दोन वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, हीच अभिनेत्री प्रभातच्या फाटकाशी उपोषणास बसली. वाद पगाराचा आणि कराराचा होता. वाद होणे यात नवल नाही. नवल हे, की आपल्या नामांकित नायिकेचे गाऱ्हाणे ऐकण्याची जागा कचेरीत उरली नाही आणि ते रस्त्यावर मांडले गेले. पडद्यावर तिच्या ताठ मानेचे कौतुक करणाऱ्या लोकांनी ती ताठ मान फाटकाबाहेर पाहिली. त्यानंतर शांताबाई प्रभातमध्ये राहिल्या नाहीत. १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले, आणि १९४१ मध्ये मद्रासकडे जाऊन ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात काम केले.

यातून करारासंबंधी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. करार माणसाचे पाय बांधू शकतो. त्याचे मन आणि गळा बांधू शकत नाही. नाराज नटाला कराराच्या जोरावर ठेवून घेतले तरी तो पूर्वीसारखे काम करील याची हमी कोणते कलम देणार? करार लिहावयाचा तो भांडणात जिंकता यावे म्हणून नव्हे, भांडणाची वेळ आली असता दोघांनाही अब्रूने बाहेर पडता यावे म्हणून.

प्रभातवर याहून मोठा घाव १९४२ मध्ये पडला. त्या वर्षी शांतारामबापू बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईस राजकमल कलामंदिर काढले. ते तर रेघेच्या अलीकडचे, स्वतः भागीदार होते. म्हणजे भागीदारी दिली की प्रश्न संपला असेही नाही. पैशाचा हिस्सा मिळाला तरी निर्णयाचा आणि मानाचा हिस्सा उरतोच. प्रभातने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’सारखा उत्तम चित्रपट दिला. पण पुढल्याच वर्षी दामले गेले, आणि पन्नाशीच्या दशकात कंपनीचे काम थांबले. १९६० मध्ये तिच्या जागेवर सरकारी चित्रपट संस्था सुरू झाली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

हा रोग आपल्याच मराठी माणसाचा, असेही समजू नये. अमेरिकेत कुस्तीचा एक धंदेवाईक प्रकार आहे. त्यात निकाल आधी ठरलेला असतो आणि मल्ल हा निम्मा पैलवान, निम्मा नट असतो. तिथे ब्रेट हार्ट नावाचा कॅनडाचा नामांकित मल्ल होता. १९९६ मध्ये मालक व्हिन्स मॅकमहॉन यांनी त्याच्याशी वीस वर्षांचा करार केला, आणि वर्षभरातच हा करार आपल्याला झेपत नाही असे सांगून त्याला प्रतिस्पर्धी कंपनीकडे जाण्याची मुभा दिली. पण अजिंक्यपद त्याच्याकडे होते. ते घेऊन तो तिकडे गेला तर काय, या धास्तीने मालकाला ग्रासले. आणि स्वतःच्या देशात, त्या विशिष्ट प्रतिस्पर्ध्याकडून हरण्यास हार्ट तयार नव्हता. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे ठरलेला शेवट त्याच्या नकळत बदलण्यात आला. प्रतिस्पर्ध्याने त्याला पेचात धरताच, हार मान्य केलेली नसताना घंटा वाजविली गेली. हजारो लोकांदेखत तो मालकाच्या अंगावर थुंकला, आणि आत गेल्यावर त्याने मालकाला ठोसा दिला. इतकी वर्षे लुटुपुटीच्या लढती खेळणाऱ्या दोघांत त्या रात्री खरी मारामारी झाली.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या घटनेने ती कंपनी बुडाली नाही. उलट मालकाने आपली ही दुष्कीर्तीच रंगमंचावर आणून तिचा धंदा केला. तेव्हा अन्याय केला की लगेच तोटा होतो, असा भाबडा सिद्धांत मी मांडणार नाही. परंतु ज्या धंद्यात रोज रात्री एक माणूस आपली मान विश्वासाने दुसऱ्याच्या हातात देतो, तिथे मालकाचा शब्द खोटा ठरला म्हणजे काय गमावले, ते तिकिटविक्रीत मोजता येत नाही. हार्ट त्या रंगमंचावर परतला तो २०१० मध्ये. मधली बारा वर्षे भरून निघाली नाहीत.

मग चांगला मार्ग कोणता? तोही आपल्या रंगभूमीने दाखविला आहे. केशवराव भोसले हे स्वतः एक मंडळी सोडून आलेले. स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडून त्यांनी १९०८ मध्ये हुबळीस ललितकलादर्श काढली. १९२१ मध्ये ऐन तिशीत त्यांना मृत्यूने गाठले. पण जाण्यापूर्वी त्यांनी मंडळी बापूराव पेंढारकरांच्या हाती सोपविली होती. माणूस गेला तरी सूत्र कोणाच्या हाती हे ठरलेले होते. म्हणून पुढल्याच वर्षी वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ करण्याची उमेद त्या मंडळीत राहिली. ज्याने स्वतः एकदा घर सोडले आहे, त्याला घर कसे सोडून द्यावे हेही कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा दाखला त्याच वर्षाचा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगभूमीवर उभे राहिले आणि दोघांच्या चाहत्यांनी एकत्र टाळ्या दिल्या. चढाओढ असूनही वैर नसले, तर वेगळी झालेली माणसे एखाद्या चांगल्या कामासाठी पुन्हा जवळ येऊ शकतात, हे त्या रात्रीने सिद्ध केले. माँट्रियलच्या रात्रीशी याची तुलना आपली आपण करावी.

या सर्वांतून चालकांसाठी चार गोष्टी निघतात. पहिली, हिशेब वेळेवर फेरतपासावा. माणसाने मागण्याआधी त्याचा पगार किंवा हिस्सा वाढविला तर तो गौरव ठरतो. जाण्याची धमकी दिल्यावर वाढविला तर ती खंडणी वाटते, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. रक्कम तीच, पण एकीने माणूस जोडला जातो आणि दुसरीने तुटतो. दुसरी, कुणकुण लागताच समोर बसून विचारावे. चालक बहुधा उलट करतात; मध्यस्थ नेमतात, कान भरणाऱ्यांचे ऐकतात, त्याच्या सोबत्यांना फोडू पाहतात. त्यामुळे निम्मे ठरलेले मन पुरते ठरते. तिसरी, गादीचा वारस भांडण होण्याआधी तयार असावा. भांडणानंतर घाईने उभा केलेला नवा नट हा जुन्याचा अपमान ठरतो आणि नव्याचाही घात होतो. चौथी, जावयाचेच ठरले तर निरोप उघड आणि सन्मानाचा असावा. निरोपाचा एक प्रयोग लावावा, लोकांनी डोळे पुसावेत, त्याने मंडळीला नमस्कार करावा. असा गेलेला माणूस बाहेर संस्थेचे नाव सांगत फिरतो, आणि त्याच्या परतण्याचा दरवाजा उघडा राहतो.

हे सारे नाटक-सिनेमापुरते आहे असे मानू नका. आपल्या शाळांत नाव कमावलेला शिक्षक असतो, रुग्णालयात हातगुणाचा शल्यवैद्य असतो, पेढीवर गिऱ्हाईक ओळखणारा मुनीम असतो, तालमीत वस्तादाने वाढविलेला पठ्ठा असतो. त्यांच्या जाण्याची कुणकुण लागली की आपण कृतघ्नतेच्या गोष्टी बोलू लागतो. कृतज्ञता ही देणाऱ्याने द्यावयाची वस्तू आहे, वसूल करावयाची नव्हे. संस्थेने माणूस घडविला हे खरे. आणि ज्या दिवशी तो घडून पुरा झाला त्या दिवसापासून संस्था त्याच्यावर उभी राहिली, हेही तितकेच खरे. १९१३ मध्ये बालगंधर्व पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या नावाचे रंगमंदिर १९६८ पासून पुण्याच्या संभाजी बागेशेजारी उभे आहे. किर्लोस्कर मंडळीच्या नाट्यगृहाची जागा मात्र आज विचारून शोधावी लागते. ही मंडळी आणि हा नट एकत्र राहिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणापाशी नाही. पण वेळीच समोरासमोर बसून एकदा मोकळेपणाने बोलण्याने काही बिघडले नसते, एवढे कोणीही सांगेल. आणि ज्यांच्या संस्थेत आज अशी कुणकुण असेल, त्यांना अजूनही ते करता येण्यासारखे आहे.